मालती गेली का?

अकरावं रीळ संपलं, पडदा पांढरा झाला आणि बाराव्या रिळाचा पत्ता नव्हता.

ऑपरेटर दगडूभाऊंनी मशीनच्या गाडीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. ओतूरच्या बाजूने एकही दिवा येत नव्हता. तंबूत सगळं डिंगोरे गाव बसलं होतं. मधोमध दोरी बांधलेली. दोरीच्या एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडी. जत्रेचा दिवस, त्यामुळे मुंबई-पुण्याला कामाला गेलेलेही गावात आलेले.

"पावणं, झालं काय?" गड्यांमधून कोणीतरी ओरडलं.

"रीळ येतंय, दोन मिनिटं," मी म्हणालो. ते मी तिसऱ्यांदा म्हणत होतो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा एका मराठी सिनेमाचा रिप्रेझेंटेटिव्ह होतो. रिप्रेझेंटेटिव्ह म्हणजे निर्मात्याचा माणूस. प्रिंटबरोबर गावोगाव फिरायचं, प्रिंट सांभाळायची, तंबूवाले नीट खेळ लावतात का ते बघायचं. आमच्या घराण्यात ग्रॅज्युएट झालेला मी पहिला. मराठी घेऊन बी.ए. झालो तेव्हा वडिलांनी आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या वाडीत पेढे वाटले. त्यानंतर वर्षभर मला कोणी दारात उभं केलं नाही. मग सरांनी काम दिलं. सर पुण्यात प्राध्यापक होते. स्वतःचे आणि मित्रांचे पैसे घालून त्यांनी हा सिनेमा काढला होता. थिएटरवाल्यांनी तो घेतला नाही, म्हणून तो जत्रेच्या तंबूत आला. सरांचे उपकार मी आजही मानतो.

सिनेमात गाणं नव्हतं, मारामारी नव्हती. मालती नावाची बाई, तिचा नवरा आणि त्यांच्या घरी आठ दिवस उतरलेला मोजणीखात्याचा एक माणूस. नवरा वाईट नाही. पीत नाही, मारत नाही. फक्त बोलत नाही. पाहुणा मात्र मालतीला विचारतो, तुम्हाला लहानपणी काय व्हावंसं वाटायचं? हे तिला आजवर कोणी विचारलेलं नसतं. ती बोलायला लागते. दोन तास माणसं बसून बोलतात, बस. अकराव्या रिळाच्या शेवटी पाहुणा म्हणतो, "मी उद्या पहाटेच्या एसटीनं चाललोय. तुम्ही येता?"

आणि तिथेच आमचा पडदा पांढरा झाला.

आता रीळ का आलं नाही ते सांगतो. सिनेमा एका सलग पट्टीत नसतो. त्याचे तुकडे असतात, प्रत्येक तुकड्याचा वेगळा पत्र्याचा डबा. हे सगळे डबे मिळून एक प्रिंट. सरांकडे ती एकच होती. त्या वर्षी डिंगोरे आणि पिंपरी पेंढार या दोन्ही गावांच्या जत्रा एकाच दिवशी आल्या. तंबूमालक कांतीशेठ नारायणगावचे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले होते, पण शेठ बोलायला लागले की ते कळायचं नाही. त्यांनी सरांना फोन केला आणि एका प्रिंटवर दोन तंबू लावायचं ठरलं. पिंपरी पेंढारला खेळ आधी सुरू करायचा. तिथे चाललेली रिळं जीपमध्ये टाकून डिंगोऱ्याला आणायची. दोन जीपा. एक येणार, एक जाणार. या भागात हे सर्रास चालायचं, आणि बहुतेक वेळा जमूनही जायचं.

शेवटची तीन रिळं एका जीपने यायची होती. आली दोनच. ड्रायव्हर म्हणाला, "बारावं अजून तिकडं चालूय. मागच्या गाडीनं येतंय."

मागची गाडी येत नव्हती.

कांतीशेठ धोतराचा सोगा सावरत आले. गर्दी बघून त्यांना घाम फुटला होता. मागच्या वर्षी एका गावात लोकांनी त्यांची कनात फाडली होती.

"साहेब, तुम्ही बी.ए. आहात. घ्या माईक, सांगा शेवट."

"मी सांगू?"

"तुम्हाला पाठ आहे ना सगळं? सांगा, बाई नवऱ्यापाशी राहिली, दोघं सुखानं नांदले. लोक खुश, आपण मोकळे."

"पण शेठ, तसं नाहीये."

"मग गेली?"

"तसंही नाहीये."

"अहो, मग आहे काय?"

"कळत नाही. ती दारात उभी असते, एसटीचा हॉर्न वाजतो आणि सिनेमा संपतो."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. "तुमच्या सरांना तरी माहीत आहे का?"

मी सरांना एकदा हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले होते, "प्रेक्षकाला ठरवू दे." हे शेठना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

खोटं सांगावं असं एक क्षण माझ्याही मनात आलं. पण बायांच्या पहिल्या रांगेत कमलवहिनी बसल्या होत्या.

कमलवहिनींच्या घरी मी उतरलो होतो. त्यांचे यजमान शांताराम भाजीचा टेम्पो घेऊन मुंबईला जायचे. महिन्यातून चार-दोन दिवस घरी. जत्रेसाठी ते आदल्या दिवशी आले होते आणि सकाळी पुन्हा निघणार होते. मी दुपारी जेवायला बसलो तेव्हा वहिनींनी विचारलं होतं, "भाऊ, तुमच्या शिनेमात मारामारी नाय म्हनत्यात. मंग काय हाय?"

"बोलणं आहे."

"कुनाचं?"

"नवरा-बायकोचं. आणि एका पाहुण्याचं."

"किती येळ?"

"दोन तास."

त्या भाकरी थापता थापता हसल्या. "आमचं वर्साचं बी तेवढं व्हत नाय. कालधरनं तीन शब्द बोलल्यात. त्यातला एक 'मीठ' हाय."

मग तव्यावरची भाकरी उलटून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मानूस लई चांगलं हाय. पन मी घरात हाय का नाय, ते तरी इचारावं एखाद्या टायमाला." त्यांचा आवाज अगदी साधा होता.

संध्याकाळी त्या तंबूत आल्या त्या मालतीला काय मिळतं ते बघायला, हे मला माहीत होतं. मी माईक हातात घेतला आणि ठरवलं, आहे तेच सांगायचं.

"मंडळी, बारावं रीळ वाटेत आहे. तोवर मी तोंडी सांगतो."

"सांगा, सांगा!"

मी सांगायला लागलो. पहाट झालेली आहे. मालती उठते. चूल पेटवते. चहा ठेवते. पाहुणा पिशवी भरतो. नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला आहे, पण तो जागा आहे. पाहुणा चहा पितो, कप पालथा घालतो आणि काही न बोलता बाहेर पडतो. मालती दारापर्यंत जाते.

तंबूत मशीनच्या पंख्याचा तेवढा आवाज होता.

"तेव्हा नवरा पडल्या पडल्या विचारतो, 'दाराला कडी लावायची, का उघडं ठेवायचं?'"

मी थांबलो. लोकही थांबले.

"पुढं?" वहिनींचा आवाज आला.

"पुढे एसटीचा हॉर्न वाजतो. मालती दारात उभी आहे. तिची पाठ आपल्याकडे आहे. संपलं."

"आं?" सगळा तंबू एकदम म्हणाला.

"एवढंच इचारलं त्यानं?" वहिनी उठून उभ्या राहिल्या. "थांब म्हनला नाय?"

"नाही."

"मंग गेली आसंल."

गड्यांच्या बाजूने एक घोगरा आवाज आला. "पावणं, सांगा त्यांना. उगडं ठेवू का म्हनला की तो! आजून काय म्हनायचं मानसानं?"

तो शांतारामभाऊंचा आवाज होता. माणसं हसली. आमच्याकडे तेव्हा चारचौघांत नवरा-बायको एकमेकांशी थेट बोलायचे नाहीत. नाव घेणं तर दूरच. म्हणून ते माझ्याशी बोलले. वहिनींनीही मग मलाच सांगितलं.

"पावणं, त्यांना म्हनावं, कडी काय दाराची असती व्हय? थांब म्हनायचं. दोन अक्षरं हायेत. त्याला काय डिझल लागतंय?"

बाया खिदळल्या. मागून एक म्हातारी ओरडली, "कमळे, तुज्या बी घरी पावणा उतरलाय गं! जपून!"

माझे कान तापले. माईक मात्र हातातच होता.

"पावणं," शांतारामभाऊ म्हणाले, आता आवाज थोडा खाली आला होता, "त्यांना म्हनावं, बाईला जायाचंच आसंल तर थांब म्हनून काय उपेग? तिच्या मनावर सोडलं त्यानं. त्यात बी माया आसती."

"आसंल," वहिनी म्हणाल्या. "पन बाईला ती दिसाया नगं? आंधारात ठेवल्याली माया काय करायची? तो मोजणीवाला आठ दिस बसला, इचारपूस केली, तर बाई एवढी हारकली. का हारकली? भुकेली व्हती म्हनून. घरातल्यानं इचारलं आसतं तर बाहेरच्याकडं कशाला बगती ती?"

आता कोणी हसलं नाही. बोलणं मालतीचं चाललेलं नाही हे सगळ्या गावाला कळलं होतं. मी दोघांच्या मध्ये, दोरीच्या टोकाशी उभा होतो. शांतारामभाऊ काय बोलतात याची सगळे वाट बघत होते. वहिनी तर उभ्याच होत्या.

ते काही बोलले नाहीत.

वहिनी खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. शेजारणीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तेवढ्यात जीप आली. ड्रायव्हर डबा छातीशी धरून धावत आला. "साहेब, तिकडं बायांनी गाडी आडवली! म्हनल्या, तुमी शेवट कापला, बाई गेली का नाय ते दाखवा. दोनदा लावाया लागलं रीळ, तवा सोडलं. तरी त्यांला पटलं नाय!"

दगडूभाऊंनी रीळ चढवलं. मी इतक्या वेळा बघितलेला तो शेवट त्या दिवशी पहिल्यांदा बघतोय असं मला वाटलं. मालती उठली. चहा केला. पाहुणा गेला. नवऱ्याने विचारलं. हॉर्न वाजला. लोक शांतपणे उठले. त्याच म्हातारीने जाता जाता शेरा मारला, "पावण्यानं खरं सांगितलं व्हतं." कनात शाबूत राहिली. शेठनी देवाला हात जोडले.

सकाळी मी कमलवहिनींच्या ओट्यावर अंथरूण गुंडाळत होतो. गल्लीत टेम्पो सुरू होऊन उभा होता. शांतारामभाऊंचे चुलतभाऊ बाजूच्या सीटवर बसलेले. वहिनी नेहमीसारख्या दारात आल्या, हातात पाण्याचा तांब्या. शांतारामभाऊ पाणी प्यायले. तांब्या परत दिला. पायात चप्पल घातली. मग माझ्याकडे वळले.

"पावणं, आज बी खेळ हाय ना?"

"आहे ना. आजचा शेवटचा."

"मंग बगतो परत. काल शेवटाला डोळा लागला व्हता."

आख्ख्या गावाने ज्यांचा आवाज ऐकला होता ते हे सांगत होते. मी मान डोलावली. त्यांनी चुलतभावाला हाक मारली, "तूच ने रं गाडी आज." टेम्पो गेला. भाऊंनी चप्पल काढली आणि माझ्या शेजारी ओट्यावर बसले.

वहिनी आत गेल्या. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या. एक कप मला, एक भाऊंना. स्वतःचा घेऊन उंबऱ्यावर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, रागही नव्हता. आदल्या रात्री तंबूत उभ्या होत्या तशाच त्या आताही थांबल्या होत्या, फक्त बसून.

मग त्या मला म्हणाल्या, "पावणं, इचारा त्यांना. दुपारला काय करू?"

भाऊ कपात बघत होते. "तुला आवडतं ते कर," ते म्हणाले. मला नाही, थेट वहिनींना.

वहिनींनी कप खाली ठेवला. "मला काय आवडतं, ठावं हाय?"

भाऊंनी खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या पडेपर्यंत केला.

"नाय," ते म्हणाले.

"मंग इचारा की."

मी उठलो. रिप्रेझेंटेटिव्हचं तिथे काम उरलं नव्हतं. भाऊंनी पुढे विचारलं की नाही, आणि विचारलं तर वहिनी काय म्हणाल्या, हे मला आजपर्यंत माहीत नाही.

ओतूरला जाऊन एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. त्यांचा आवाज काळजीचा होता. गावात हा सिनेमा चालणार नाही, असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं.

"मधेच उठून गेलं का कोणी?"

"नाही सर," मी म्हणालो. "उलट एकजण राहिला."

"म्हणजे?"

"भेटल्यावर सांगतो सर."

पुण्याला जाऊन सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला लिहिताना हे सुचलं नव्हतं." त्यानंतर त्यांनी दुसरा सिनेमा काढला नाही. मी मात्र या धंद्यात बरीच वर्षं राहिलो. तंबू गेले, रिळंही गेली. नवीन पोरांना मी एवढंच सांगायचो, एका प्रिंटवर दोन तंबू लावलेच, तर शेवटचं रीळ आधी ताब्यात घ्या. खेळ सुरू व्हायला उशीर झाला तर माणसं शेंगा खात बसतात. शेवट यायला उशीर झाला, की ती आपापला सांगायला लागतात.