सकाळी काय खाल्लं?

आमच्या जर्नालिझम डिपार्टमेंटची गंमत अशी, की दिवसभर बातमीच्या मागे पळायचं आणि हाताला लागायचे किस्से. आजही गंगापूर रोडच्या टपरीवर आम्ही चौघं जमलो की हेच चालतं. बातम्या केव्हाच विसरलो, किस्से तेवढे राहिले.

आधी आमच्या देशमुख मॅडम. रेकॉर्डिंगआधी माइकवर कुणी "हॅलो, हॅलो" केलेलं त्यांना खपायचं नाही. म्हणायच्या, "हॅलो म्हणताना कुणाचाच आवाज खरा नसतो रे." त्या काचेपलीकडून एकच विचारायच्या, "सकाळी काय खाल्लं?" समोरचा बोलायला लागला, की आवाजाची लेव्हल लावायच्या. एकदा दिंडोरीचे एक द्राक्ष बागायतदार मुलाखतीला आले. घरच्या थालीपिठापासून सुरू झाले ते मिसळीवर येऊनही थांबेचनात. लेव्हल झकास लागली, मुलाखत दुसऱ्या दिवशी घ्यावी लागली.

*

सुरेखा आमच्या वर्गातली. सुरगाण्याकडची, हॉस्टेलला राहायची. मेसच्या पोह्यात अळ्या निघाल्या. हिने फोटोसकट बातमी केली आणि डिपार्टमेंटच्या भित्तिपत्रकात लावली. "कॉलेजचं नाव खराब होतं," म्हणून प्राचार्यांनी ती काढायला लावली. दुसऱ्या दिवशी तिथे कोरा कागद, खाली सुरेखाचं नाव. बातमीला नव्हती एवढी गर्दी त्या कोऱ्या कागदाला!

प्राचार्यांनी विचारलं, "ही जागा मोकळी का?"

"तुमचा खुलासा आला की लावते, सर."

*

मग हॉस्टेलच्या रेक्टरबाईंनी फर्मान काढलं. सुरेखा माफी मागत नाही, तोवर तिच्या अख्ख्या मजल्याचा नाश्ता बंद. आम्हाला वाटलं, आता पोरी हिच्यावरच उलटणार. कसलं काय! एकीने घरून आलेली नागलीची भाकरी काढली, दुसरीने शेंगदाण्याची चटणी. तेही संपल्यावर उपाशीपोटी लेक्चरला यायच्या, पण ताठ मानेनं यायच्या. मी सुरेखाला म्हटलं, "टाक ना मागून माफी, विषय संपव."

"माफी अळीनं मागावी," ती म्हणाली. "मी काय केलं?"

*

आणि मग नव्या स्टुडिओचं उद्घाटन. पाहुणे, पालक, ट्रस्टी, सगळे बाहेर मांडवात. आतलं त्यांना ऐकू जावं म्हणून मोठे स्पीकर लावलेले. निवेदन सुरेखाकडे, कारण तसा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. प्राचार्यांनी तिला बजावलं, "कागदावर आहे तेवढंच वाचायचं."

"हो सर."

ते मांडवात जाऊन पाहुण्यांशेजारी बसले. मी मॅडमच्या बाजूला, काचेअलीकडे. माइक सुरू झाला. मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

"काहीच नाय, मॅडम. पोह्यातल्या अळ्यांची बातमी केली म्हणून आमच्या मजल्याचा नाश्ता बंद केलाय."

मांडवातल्या स्पीकरवर शब्द न् शब्द गेला. प्राचार्य पाहुण्यांना तसंच सोडून धापा टाकत स्टुडिओच्या दारात आले.

मॅडमनी वर बघितलंसुद्धा नाही.

"लेव्हल कमी येतेय, सुरेखा. परत सांग."