दिवसा झोपणाऱ्यांची गल्ली आणि दुधाचे दात

माझा आवाज मोठा आहे. सासरी आल्यावर सगळ्यांनी तो खाली आणायचा प्रयत्न करून पाहिला आणि शेवटी नाद सोडला. सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत मात्र मोठा आवाज हा गुन्हाच. इथली बरीच घरं खानदेशातून आलेली, पुरुष लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कामाला, आणि खात्यात पाळ्या दोन, दिवसाची आणि रात्रीची. रातपाळीचा माणूस सकाळी घरी येतो, चहा पितो आणि असलेल्या एकाच खोलीत आडवा होतो. मग दाराचा पडदा खाली सोडला जातो. पडद्याखाली पुरुषाच्या चपला दिसल्या की त्या दारात कोणी हाक मारत नाही. भाजीवाला गाडी पुढे नेऊन ओरडतो, बायका खुणांनी बोलतात. पोर रडायला लागलं की आधी त्याचं तोंड बंद करायचं, का रडतंय ते नंतर बघायचं.

हा नियम मीही पाळत आले होते. माझ्या नवऱ्याचं एक बोट अर्धंच आहे. झोप झालेली नसताना मशीनवर उभा राहिला होता. त्यामुळे झोपेची किंमत मला कोणी शिकवायला नको.

याच गल्लीच्या तोंडाशी मी अंगणवाडी चालवते. भाड्याची खोली, बाहेर ओटा, ओट्याला नळ. मुलं मला बेन म्हणतात, त्यांच्या आयाही बेनच म्हणतात. सकाळी गाणी होतात, मग नाश्ता, तोही बऱ्याचदा गुळाची सुखडी. मुलांना ती फार आवडते, आणि ती दातांना अशी चिकटते की घरी जाईपर्यंत जीभ फिरवत बसतात.

मागच्या हिवाळ्यात वरून एक खोकं आलं. त्यात लहान ब्रश, पेस्टच्या ट्यूबा, प्लास्टिकचा एक जबडा आणि भिंतीवर लावायची चित्रं. आमच्यावर देखरेख करणाऱ्या सुपरवायझर बेन म्हणाल्या, "कबाटमां मूकी दो. विझिट आवे त्यारे काढजो." म्हणजे कपाटात ठेवायचं आणि कोणी बघायला आलं की बाहेर काढायचं. मी विचारलं, "मग काय कपाटाचे दात घासायचे?" त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांची पाठ वळली आणि मी खोकं फोडलं.

कोणाचा ब्रश कोणता हे मुलांना कळावं म्हणून प्रत्येक दांडीला वेगळ्या रंगाचा दोरा गुंडाळला. सुरतेत दोऱ्याला काय तोटा! सुखडी खाऊन झाली की सगळी फौज ओट्यावर. वाटाण्याएवढी पेस्ट, पुढून, मागून, दाढांवरून, आणि मग गटारीत कोण लांब थुंकतो त्याची शर्यत. शेवटचा हात मी फिरवायची, कारण या वयात मुलं ब्रश घासत नाहीत, चावतात. समोरच्या शेठाणीने थुंकण्यावरून कटकट केली. तिला सांगितलं, तुमचा कुत्रा काय करतो ते मी रोज बघते. त्यानंतर तिने खिडकी लावून घेतली.

एक मुलगी मात्र तोंडच उघडेना. चार वर्षांची, जांभळ्या दोऱ्याची. सुखडी पाण्यात भिजवून खायची, हसली तर तोंडावर हात ठेवून. एके दिवशी ती ब्रश हातात धरून नुसती उभी राहिली. एक गाल सुजला होता. मी तिला मांडीवर घेतलं आणि हळूच ओठ वर केला. समोरचे वरचे दात म्हणजे काळे खुंट. मागच्या एका दाढेत खड्डा, आणि तिच्याजवळ हिरडीवर पुवाचा फोड. असल्या तोंडाने ही पोर रोज माझ्यापुढे बसून गाणी म्हणत होती.

तिला न्यायला आई आली. आई घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. कडेवर तान्हा मुलगा, त्याच्या तोंडात दुधाची बाटली. मी फोड दाखवला. ती म्हणाली, "दूधना दात शेतस ना, बेन. पडी जातीन."

पडतील. पण पडायच्या आधी त्यांना चावायचं असतं, बोलायचं असतं, मागून येणाऱ्या पक्क्या दातांसाठी जागा राखायची असते. आणि पू काही दात पडायची वाट बघत थांबत नाही. हे सगळं मी एका दमात बोलून टाकलं. मग विचारलं, "बाटलीत साखर घालतेस?"

"साखर नही टाकी ते रडस. त्यासनी झोप मोडस."

त्यासनी, म्हणजे नवऱ्याची. पोरगी लहान होती तेव्हाही हेच. बाप झोपला की तिच्या तोंडात गोड दुधाची बाटली, ती बाटली चोखतच झोपायची, आणि गोड दूध दातांवर तसंच राहायचं. आता भावाच्या तोंडात तीच बाटली होती, आणि त्याचे पहिले दोन दात नुकतेच वर आले होते. ती बाई मूर्ख नाही. तिला सगळं कळलं. दवाखान्यात जा म्हटलं तर म्हणाली, नवऱ्याला विचारावं लागेल. मग विचार. झोपलेत. उठल्यावर विचार. उठले की कामावर निघायची घाई असते, रविवारी बघू.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. तेडागर, म्हणजे घरोघरी जाऊन मुलांना घेऊन येणारी आमची मदतनीस, परत येऊन म्हणाली, तिला ताप आहे.

भर दुपारी मी त्यांच्या दारात गेले. पडदा खाली, पडद्याखाली चपला. शेजारीण दारातूनच दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होती. मी चपला बघितल्या आणि कडी वाजवली. आधी हळू, मग जोरात. मग हाक मारली, माझ्या नेहमीच्या आवाजात. गल्लीत एकेक पडदा बाजूला होऊ लागला.

तो बनियनवर बाहेर आला. डोळे लाल, गालावर चटईचे वळ. "बेन, रातले मशीनमा मना हात गया ते तू देशी का?"

"नाही देणार," मी म्हटलं. "पण पोरीचं तोंड एकदा उजेडात बघ. मग खुशाल जाऊन झोप."

मुलगी आत पोत्यावर पडली होती, गालाखाली हात घेऊन. अंग तापलेलं, गाल आदल्या दिवशीपेक्षा फुगलेला, आणि ती रडत नव्हती. तिला न रडायला शिकवलं होतं आणि ती नीट शिकली होती. माझं डोकं खरं फिरलं ते तिथे. या गल्लीवर फिरलं, खात्याच्या शेठवर फिरलं, एकाच खोलीत झोप आणि बालपण कोंबणाऱ्या सगळ्यांवर फिरलं. त्या माणसावर मात्र फिरलं नाही, कारण त्याचा चेहरा मला दिसत होता. त्याने तिला दारात आणून अंगठ्याने तिचा ओठ वर केला. दिवसपाळी असली की हा अंधारात निघायचा आणि अंधारात यायचा, रातपाळी असली की दिवसभर पडद्याआड. आपल्या पोरीचं तोंड त्याने उजेडात बघितलंच नव्हतं.

"हाई कव्हय जायं?" हे कधी झालं, असं त्याने विचारलं.

त्याने तोंडावर पाणीसुद्धा मारलं नाही. तिला खांद्यावर घेतलं, चपला घातल्या आणि आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाल्या, आणखी थांबला असतात तर भरती करावी लागली असती. त्यांनी पू काढला, औषध दिलं, आणि ताप उतरल्यावर दाढ काढली. दवाखान्यात गेलो त्या रात्री त्याने खाडा केला.

खाड्याचं खापर गल्लीने माझ्यावर फोडलं. ही बेन माणसांना झोपू देत नाही, असं नळावर मला ऐकू जाईल अशा बेताने बोललं जायचं. मी ऐकलं आणि घागर भरून घेतली. पण नुसतं बाटलीत साखर घालू नका म्हणून भागणार नव्हतं. बापाची झोप आणि पोराचे दात दोन्ही वाचवायचे तर पोराला रडायला जागा हवी. म्हणून रातपाळीवाल्या घरांची मुलं मी अंगणवाडीची वेळ संपल्यावरही ठेवून घ्यायला लागले, तान्ही असतील तर तीसुद्धा. तेडागरनेही साथ दिली. मुलांना सांगून टाकलं, इथे रडा, ओरडा, पत्र्याचे डबे वाजवा.

सुपरवायझर बेनना हे कळायला वेळ लागला नाही. त्या आल्या, घड्याळ बघितलं, ओट्यावर वाळत ठेवलेले झिजलेले ब्रश बघितले. "नियम खबर छे ने?"

"खबर आहे. मोडलाय ते पण खबर आहे."

त्या तणतणत गेल्या. पुढे खरोखर विझिट आली तेव्हा मोठ्या मॅडमनी विचारलं, ब्रश असे खराब कसे झाले. मी सांगितलं, दात घासल्यामुळे. माझ्याविरुद्ध वर काय गेलंय मला माहीत नाही. यायचं ते येऊ दे. आता आयाच ओट्यावर येऊन आपापल्या पोरांचे ओठ वर करून बघतात, दातावर पांढरा डाग दिसला तरी मला हाक मारतात. जांभळ्या दोऱ्यावालीच्या भावाची बाटली सुटलीय, तो वाटीने दूध पितो. त्याचे दात रोज बापच पुसतो, ओल्या फडक्याने, पाळीवर जायच्या आधी.

परवा दुपारी मी मुलीला घरी सोडायला गेले. वाटेत मी म्हातारीसारखं बोळकं करून दाखवलं आणि ती हसत सुटली, हात तोंडावर न ठेवता, पुढचे खुंट आणि दाढेची फट सगळ्यांना दाखवत, अगदी स्वतःच्या दारात उभी राहून. पडदा खाली होता, पडद्याखाली चपला. शेजारीण धावत बाहेर आली, ओठांवर बोट ठेवून. "श्श! बाप झोपेल शे तुना!"

आतून झोपेने जड झालेला आवाज आला. "हासू द्या तिले."

शेजारणीने ओठांवरचं बोट खाली घेतलं. मी पुन्हा बोळकं केलं.