यानाच्या दाराचं कडं

बाबांना फोटो दाखवून उपयोग नव्हता. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते आणि वस्तू ओळखायची ती हातानं. म्हणून ते यान हैदराबादलाच यायला हवं होतं. हे लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही येत.

यानं दोन होती. अंतराळात जाऊन आलेली, समुद्रातून ओढून काढलेली, एका अंगानं करपलेली. काम संपलं होतं बिचाऱ्यांचं. आता ती कोणत्या दोन शहरांनी लोकांना बघायला ठेवायची, हे ठरवायला एक समिती नेमली होती आणि तिच्यात मी होते. विज्ञान संग्रहालयात जन्म घालवलेली बाई मी. जड वस्तू कुठं आणि कशी मांडायची एवढंच मला कळतं. आणि त्या यानांच्या दारात बसवलेलं धातूचं कडं बाबांनी केलं होतं. हैदराबादेत आमच्या मलकपेठच्या घरापासून चालत जाता येईल अशा एका लहानशा वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते, लेथवर धातू कातायचे. दृष्टी जायच्या आधीचं त्यांचं शेवटचं मोठं काम ते.

"नख फिरवून बघायचं," ते सांगायचे. "कुठं अडकलं, तर ते माझं नाही."

दुसऱ्या शहरात नेऊन दाखवीन म्हटलं, तर डॉक्टरांनी त्यांच्या छातीकडे बोट दाखवून प्रवासाला साफ नाही म्हटलं. यान इथं आलं तर मांडताना बाबांचा हात त्याला लागणार, नाहीतर नाही.

त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक रीत होती. आपला जॉब, म्हणजे आपण केलेला भाग, आपण मोजायचा नाही, शेजारच्या मशीनवाल्यानं मोजायचा. बाबांनी ही रीत घरातही आणली होती. भाजी आईनं केली, तर मीठ बरोबर आहे की नाही हे आईनं बोलायचं नाही, मी सांगायचं. आई वैतागायची. मी मात्र ते डोक्यात पक्कं धरून बसले, आणि नोकरीतही तसंच वागून बऱ्याच जणांचं डोकं खाल्लं.

बैठक दिल्लीत होती. हैदराबादचं नाव आलं तशी मी उठले. अध्यक्ष म्हणाले, बसा मॅडम, इथं प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या शहराचाच आहे. मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या हातचं काम आहे त्यात, मी बाहेर थांबते. व्हरांड्यात उभी राहून पाणचट चहा प्यायले. स्वतःवर खूशही होते, खोटं कशाला बोलू.

आत बोलावलं तेव्हा हैदराबाद बाद झालं होतं. आमच्या संग्रहालयाच्या हॉलचं दार अरुंद, यान आत जाणार नाही, हे कारण. आता गंमत बघा. त्या हॉलच्या मागच्या भिंतीला भलंमोठं शटर आहे. विमानाचं आख्खं इंजिन त्यातून मीच उभी राहून आत घेतलं होतं. यान मागायच्या हैदराबादच्या अर्जात कुणीतरी फक्त पुढचं दार लिहिलं होतं. अर्ज मी आधी वाचला होता. शटर राहिलंय, हेही माझ्या लक्षात आलं होतं. पण आपल्या शहराच्या अर्जात आपण कशाला हात घालायचा, म्हणून गप्प बसले. निकाल लागल्यावर बोलणं म्हणजे रडीचा डाव, म्हणून तेव्हाही गप्प. सही केली आणि परत आले.

बाबा खुर्चीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं, शटरसकट. ते सोलत राहिले.

"हौ. आपला जॉब आपण मोजायचा नाही, बरोबर केलंस," म्हणाले. मग दोन-तीन शेंगा झाल्यावर म्हणाले, "पण माय, मोजणाऱ्याला ड्रॉइंग तर द्यावं लागतं."

आवाज चढवला नाही, काही नाही. मी हातपाय धुतले, जेवले, भांडी आवरली. आतून काहीच हललं नाही. माझी चूक आहे हे कळत होतं, पण ते दुसऱ्या कुणाबद्दल ऐकावं तसं कळत होतं. अजूनही तसंच आहे.

काही महिन्यांनी, यान मिळालेल्या दोन शहरांपैकी एकात मांडणी तपासायला मला पाठवलं. मनात ठरवून गेले होते, बाबांच्या वतीनं आपण नख फिरवून यायचं. पोचले तर काच लावून झालेली, चारही बाजूंनी बंद. कुणाचा हात लागता कामा नये, ही अट होती. समितीच्या कागदात ती मीच लिहिली होती. काचेला नाक लावून बघितलं. कडं दिसत होतं, काळवंडलेलं, आमच्या घरातल्या मोठ्या परातीहून जरा मोठं. उघडा म्हटलं असतं, तर माझ्यासाठी उघडलीही असती. मी म्हटलं नाही. तपासणीच्या कागदावर सगळं ठीक असं लिहून निघाले.

घरी आले तेव्हा बाबा दाराशीच खुर्ची ओढून बसले होते.

"नख फिरवलंस?"

"फिरवलं."

"अडकलं?"

"नाही, बाबा. कुठंच नाही."

त्यांनी विचारलं, कोणतं बोट. मी उजव्या हाताचं पहिलं बोट पुढं केलं. त्यांनी ते चाचपून धरलं आणि अंगठ्यानं माझं नख पुसल्यासारखं करत राहिले.

"मग माझंच," म्हणाले. त्यांनी बोट सोडलं नाही, आणि मीही काढून घेतलं नाही.