आत्याचा मानलेला भाऊ

त्या कादंबरीवर मी अभ्यासवर्गात अर्धा तास बोलले आणि अर्धा तास तिला झोडपलं. परदेशातल्या जुन्या धनाढ्य घराण्यांची गोष्ट. बग्ग्या, हातमोजे, मेजवान्या. खानदानी घरातल्या एका माणसाचा जीव नवरा सोडून आलेल्या बाईवर जडतो. घरातलं कुणी आवाज चढवत नाही. गोड बोलून, पंगतीला बसवून त्या दोघांना वेगळं करतात. ज्यांना सकाळी कामावर जायचं नसतं त्यांनाच असली दुःखं परवडतात, असं मी म्हणाले. एक जेवण घातलं की शरण जाणारी माणसं, त्यांच्यावर एवढी पानं कशाला? टाळ्या पडल्या. मी तेव्हा कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, आणि पत्रकातल्यासारखंच बोलायचे.

पुस्तक घरी येऊन पडलं ते आत्यानं उचललं.

आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. श्रीपूरला दिलेली, साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या माणसाला. चार वर्षांत सोडचिठ्ठी घेऊन परत आली, आणि तेव्हापासून अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते. तिथल्या जेवणाच्या सुट्टीत तिनं महिनाभर ती कादंबरी वाचली. मी विचारलं, काय आहे एवढं त्यात? तर म्हणाली, "ती मानसं भांडत न्हाईत गं. भांडली असती तर सुटली असती की."

मला वाटलं, तिला वर्गसंघर्ष कळलेला नाही.

आत्याच्याच टॉवेल कारखान्यात माग दुरुस्त करणारा एक जॉबर होता. तेलुगू घरातला, बायको वारलेली. दर रविवारी सकाळी सायकलवरून आमच्याकडे यायचा. कधी मिक्सर उघडून बसायचा, कधी आप्पांशी उसाच्या गाड्यांबद्दल बोलायचा. चहा मात्र आत्यानं केलेलाच प्यायचा. आमच्या दोन खोल्यांत लपण्यासारखं काही नव्हतंच. दिवाळीच्या आधी एकदा आत्यानं मला गच्चीवर नेलं आणि कपडे वाळत घालता घालता सांगितलं, त्यानं लग्नाचं विचारलंय, मी व्हय म्हणलंय. मग म्हणाली, "तुला बोलता येतं. दादाला तू सांग. माझ्यानं न्हाय व्हायचं."

मी शब्द दिला.

पण माझ्या आधी शेजाऱ्यांनीच आप्पांना सांगितलं, त्यांच्या भाषेत. पुढच्या रविवारी गावाकडून भावकीतले दोघे आले. एक चुलत आजोबा आणि एक काका. सतरंजीवर बसले, पाणी प्याले, पिकाची चौकशी झाली. मग काका म्हणाले की परका माणूस घरात येतो, लोक नावं ठेवतात, त्याचं येणं बंद केलेलं बरं. आत्या आत कणीक मळत होती. तिचा हात थांबलेला मला ऐकू आला.

मी उठलेच. मला एकच गोष्ट नीट शिकवलेली होती, समोरच्याचं तोंड बंद करायचं. मुद्दा नंतर. आधी त्याचं येणं तर वाचवू, लग्नाचं मग बघू, असा मी हिशेब केला. "बाईच्या दारात आलेला पुरुष तुम्हाला एकाच नजरेनं का दिसतो?" मी म्हणाले. "तो भावासारखा येतो. भाऊच आहे तो तिचा. घाण तुमच्या डोळ्यांत आहे."

काकांनी पाण्याचा तांब्या पुन्हा पुढे ओढला. मी जिंकले होते. अगदी दोन श्वास घेईपर्यंत.

चुलत आजोबा शांत माणूस. त्यांना राग आलाच नाही. त्यांनी मान हलवली आणि आप्पांना म्हणाले, "बराबर बोलली पोरगी. मग भाऊबीज आलीच हाय की जवळ. ओवाळू दे तिला. चार मानसांदेखत झालं म्हंजे कुनाचं तोंड ऱ्हात न्हाय."

आप्पांचा चेहरा उजळला. बहिणीला दुखवायचं नव्हतं त्यांना, आणि आता कुणालाच दुखवावं लागणार नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते? माझंच वाक्य होतं ते. आत्या दारात आली होती, हाताला कणीक. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा आत गेली. मी तेव्हाही सांगू शकले असते. नाही सांगितलं. आपलं म्हणणं सगळ्यांसमोर मागे घ्यायचं, हे आम्हाला कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं.

त्याला बोलवायला आप्पा स्वतः गेले. न येणं म्हणजे मनात पाप असल्याची कबुली, हे त्यालाही कळत होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आला. पाट, भोवती रांगोळी. भावकी, शेजारणी, सगळ्या हसतमुख. आत्यानं टिळा लावला, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. आप्पांनी त्याला टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. टॉवेल त्याच्या आणि आत्याच्याच कारखान्यातला होता. सवयीनं त्यानं कड उलटून शिलाई बघितली आणि घडी नीट करून मांडीवर ठेवला. मग पुरणपोळी. आईनं त्याला आग्रह करकरून वाढलं. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही.

त्यानंतर त्याचं रविवारचं येणं सुटलं. काही महिन्यांनी तो टेंभुर्णीला भाच्याच्या गॅरेजात कामाला लागला.

मी आत्याची माफी मागितली, एकदा नाही, बऱ्याचदा. शेवटी ती कंटाळली. म्हणाली, माफी मागतानाबी तू भाषणच करतीस. पुस्तक मी ग्रंथालयाला परत करायला निघाले तर राहू दे म्हणाली. अजून तिच्या पेटीत आहे. त्याचा दंड मी भरला.

भाऊबीजेला तो दरवर्षी येतो. यंदाही आला, केस बरेच पिकलेत. ओवाळून झाल्यावर तो जेवत होता आणि मी ओट्यापाशी उभी होते. आत्या त्याच्यासाठी पोळीवर तूप घालत होती. माझ्या तोंडाकडे बघून तिनं आवाज खाली घेतला.

"ह्याच्यावर पत्रक काढू नगंस," म्हणाली, आणि ताट घेऊन बाहेर गेली.