फोटोतला डावा कोपरा

आसगाव सोडलं त्या सकाळी पवनीच्या स्टँडवर फक्त माय आली होती. बाबा आले नाहीत. आदल्या दिवशीच त्यांनी घर आणि मागची सांदवाडी दादाच्या हवाली केली होती. "तू तापट. तुह्याजवळ माणसं टिकत नाही," एवढंच बोलले. त्या सांदवाडीतल्या भाज्यांना बोडीचं, म्हणजे गावच्या लहान तळ्याचं पाणी मी कावडीनं आणून घातलं होतं. डाव्या कोपऱ्यातला आंबा मी कोयीपासून वाढवला होता. मी मायला सांगितलं, बोलावल्याशिवाय त्या घरात पाय ठेवणार नाही. ती म्हणाली, "तुह्या झाडाले आंबे लागले का बोलावीन ना रे."

मी बोलावण्याची वाट पाहत राहिलो. बाबा गेले तेव्हाही घाटावरूनच परत फिरलो.

आज हैदराबादेत माझं जुन्या फ्रीजचं दुकान आहे. कोणाची मदत घेतली नाही. दादा गावाकडून रोज सकाळी फक्त फोटो पाठवतो. वालाच्या मांडवाखाली वहिनी. शेळीचं पिलू कडेवर घेतलेली पुतणी. सुपात झोपलेली मांजर. गाय तर दर दोन दिवसांनी. बायको म्हणते, किती छान! मी मात्र फोटो मोठा करून बघतो. फ्रीज विकणारी पार्टी जी बाजू भिंतीला लावून ठेवते, ती मी आधी तपासतो. त्या फोटोंत सगळं असायचं, डावा कोपरा कधीच नसायचा.

झाड तोडलं, मी मनाशी पक्कं केलं. म्हणून बोलावत नाहीत.

यंदा मे महिन्यात व्हिडिओ कॉल लावला आणि दादावर ओरडलो, "डावीकडे फिरव!"

"कायले चिल्लावून राहिला?"

"फिरव म्हणतो ना! तोडलास ना माझं झाड?"

त्यानं फोन फिरवला. झाड उभं होतं, आंब्यांनी लगडलेलं. खाली खाटेवर माय बसली होती, चिमणीएवढी झालेली, मांडीवर पाच-सहा आंबे घेऊन.

"तीन सालापासून लागून राहिले," दादा हळूच म्हणाला. "माय म्हणे, बोलाव त्याले. मीच म्हणलो, थो येईन अना भांडत बसन. आता तिले कोणीच वळखू येत नाही. तुले काय दाखवू?"

इतके महिने माय एकाही फोटोत नव्हती. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी झाड शोधत होतो.

"माय, मी बबन!" मी ओरडलो.

तिनं फोनकडे पाहिलं. "एवढा चिल्लावत नाही माहा बबन," म्हणाली आणि आंबे पदराखाली झाकले. "हे त्याच्यासाठी हायेत. कोणी हात नोको लावजा."

कोणत्याही सौद्यात मी शेवटपर्यंत हटत नाही. इथे कोणाशी घासाघीस करू? दादा आता फोटोत पूर्ण सांदवाडी घेतो, कोपऱ्यासकट. मी तिकीट काढलं आहे. जाईन, त्या खाटेजवळ बसेन, आवाज चढवणार नाही. ती माझ्याकडे परक्यासारखी बघेल, आणि माझ्या हाताजवळचा आंबा उचलून पदराखाली ठेवेल, बबनसाठी.