जॉनीला हाक मारायची राहिली

वाकोल्यात ॲम्ब्रोजला ओळखायचं असेल तर त्याला चालताना मागून बघावं. बाकीची माणसं रस्त्याच्या मधून चालतात, फार तर कडेनं. हा अंग चोरून, उजवीकडे सरकून चालतो, जणू डाव्या हाताला कुणीतरी आहे. समोरून म्हैस आली तर स्वतः चिखलात उतरेल, पण डावी बाजू तिला द्यायचा नाही. त्याची बायको क्लारा म्हणते, "लग्नाच्या दिवशी चर्चमधून बाहेर पडताना मला तरी एवढी जागा दिली होतीस का रे?"

दिवसा गॅरेजात मोटारींचे पत्रे ठोकायचे आणि उरलेल्या वेळात क्लॅरिनेट वाजवायची, हे ॲम्ब्रोजचं आयुष्य. वाजवायची ती गिल्बर्टबाबांच्या बँडमध्ये. गिल्बर्टबाबा त्याचे धर्मबाप; बाप्तिस्म्याला त्यांनीच मांडीवर घेतलेला आणि पहिली क्लॅरिनेटही त्यांनीच हातात दिलेली. हा बँड म्हणजे गिल्बर्टबाबांचा मोठा ढोल, छोटा ढोल, एक कॉर्नेट आणि दोन क्लॅरिनेट. बस्स. लग्न असो, मयत असो, क्रुसापुढची प्रार्थना असो, हीच मंडळी आणि तेच कोट. कोटांना बटणं कमी आणि डाग जास्त.

पहिली क्लॅरिनेट ॲम्ब्रोजची, दुसरी जॉनीची. पहिलीनं सवाल करायचा, दुसरीनं जबाब द्यायचा, अशी त्यांची रीत. लहानपणापासूनचे दोस्त. एकाला शिंक आली तर दुसरा रुमाल काढणार.

आदल्या पावसाळ्यात जॉनी तापानं गेला. त्याच्या मयतीला ॲम्ब्रोजनं सवाल वाजवला आणि जबाबाच्या जागी गप्प राहिला. दुसऱ्या कुणाला ते वाजवू द्यायला गिल्बर्टबाबांनीही नकार दिला. म्हणाले, "त्याची जागा मोकळी ठेवा. नवा माणूस येईपर्यंत ती त्याचीच." आता नवा माणूस यायचा कुठून? गावातली पोरं विमानतळावर नाहीतर कारखान्यात लागलेली. जागा मोकळीच राहिली.

या बँडची आणखी एक खोड होती. परगावी वाजवून झालं की निघण्याआधी गिल्बर्टबाबा एकेकाचं नाव घेऊन हाक मारणार, आणि त्यानं "आलो" म्हटल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही. यात देवाधर्माचं काही नव्हतं. गिल्बर्टबाबांच्या वडिलांच्या काळात मरोळच्या एका लग्नात ताडी जरा जास्त झाली आणि छोटा ढोल वाजवणारा बांधावर झोपून राहिला. बँड घरी पोचला, ढोलवाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं दारात येऊन जे काही ऐकवलं, त्यातून ही रीत निघाली. जागा जॉनीची, म्हणून हाकही जॉनीला मारायचे. "जॉनी?" मग श्वासभर शांतता. मग गिल्बर्टबाबा म्हणायचे, "चला."

त्या श्वासभरात शेतातले बेडूकसुद्धा गप्प होतात, असं कॉर्नेटवाला सांगायचा. पण कॉर्नेटवाल्याला हवा भरायची सवयच होती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

जॉनीची आई डोरोथीमावशी मात्र वेगळंच सांगायची. जॉनीची क्लॅरिनेट तिनं पेटीत ठेवली होती. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाला की ती काढून, तोंडाशी बसवलेल्या बोरूच्या पातीसकट पुसायची. "बोरूची पाती ओली असते गं," ती बायकांना सांगायची. "आत्ताच कुणी तोंडातून काढल्यासारखी." बायका म्हणायच्या, "वाकोल्याची हवाच ओली, मावशी. आमचं मीठ बघ." मावशी मान हलवायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा सांगायची.

हे असं चाललेलं असताना अंधेरीहून चंद्रप्रकाश मास्तरांचा निरोप आला.

चंद्रप्रकाश मास्तरांचा बँड म्हणजे निळे कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि शेटजींच्या लग्नांच्या वराती. सिनेमातली गाणी आठवड्याच्या आत बसवायचे. मास्तरांनी ॲम्ब्रोजला एका मयतीत ऐकलं होतं. "पहिली क्लॅरिनेट तुमची," निरोप होता. "एकदा येऊन वाजवा, मग बोलू. पण आमच्याकडे यायचं तर आमचंच व्हायचं. एक पाय तिकडे चालणार नाही."

ॲम्ब्रोजची झोप उडाली. इकडे गिल्बर्टबाबा, ज्यांना एका कानानं ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्यानं ऐकायचं नसायचं. इकडे वर्षभर तीच गाणी आणि निम्मी रिकामी. तो निघाला तर बँड मोडणार, हेही उघड. त्यातून जॉनीची बहीण रीटा, हिचं लग्न ठरलं होतं आणि जॉनीला तापात दिलेला शब्द ॲम्ब्रोजला पाठ होता: रीटाचं उंबराचं पाणी आपण वाजवायचं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका कळशा घेऊन विहिरीवर जातात, नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात आणि पुढे बँड असतो, तेच हे उंबराचं पाणी.

"जा की एकदा," क्लारा म्हणाली. "बघून ये. बघायला काय होतं?"

तो गुपचूप गेला. गिल्बर्टबाबांना सांगितलं, दाढ दुखते.

दुपारची वरात होती. ऊन रखरखीत. मास्तरांनी क्लॅरिनेटवाल्यांची ओळ लावली आणि ॲम्ब्रोजला उजव्या टोकाला उभं केलं. त्याच्या शेजारचा माणूस हातभर लांब उभा राहिला.

"जवळ या ना," मास्तर ओरडले. "ओळ फाटलीय."

"मास्तर, जागा कुठं आहे?" तो माणूस म्हणाला. म्हणाला आणि स्वतःच गोंधळून बाजूला बघू लागला.

वरात हलली. ॲम्ब्रोजनं सवाल वाजवला आणि सवयीनं गप्प राहिला. जबाब आला. गोड, किंचित उशिरा, शेवटच्या सुराला थोडा खाली ओढलेला. अंधेरीची माणसं तयार आहेत, त्याला वाटलं. त्याच्या अंगावर काटा आला, तो आनंदाचा समजून तो वाजवत राहिला. किती दिवसांनी गाणं पुरं होत होतं!

वरात संपल्यावर मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "झकास! जोडी जमलीय तुमची. दुसऱ्यालाही ठेवून घेऊ. शनिवारपर्यंत काय ते सांगा."

दुसरा म्हणजे तो शेजारचा, असं ॲम्ब्रोज समजला. तिथं हाकबिक काही नव्हतं. कोट उतरवले आणि जो तो आपल्या वाटेनं गेला. गाडी चुकू नये म्हणून ॲम्ब्रोज स्टेशनकडे धावत सुटला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

त्या रविवारी कलिन्याच्या क्रुसाजवळ गिल्बर्टबाबांच्या बँडनं प्रार्थनेला वाजवलं. डावीकडे जागा मोकळी, नेहमीसारखीच. पण ॲम्ब्रोजच्या डाव्या कानाला पहिल्यांदाच वारा लागला. निघताना गिल्बर्टबाबांनी हाक मारली, "जॉनी?" आणि श्वासभर शांतता झाली तेव्हा शेतात बेडूक ओरडतच राहिले. कॉर्नेटवाल्यानं ॲम्ब्रोजकडे बघितलं. ॲम्ब्रोजनं आपल्या बुटांकडे.

घरी जाताना डोरोथीमावशी ओट्यावर बसलेली. हातात पाती. "बघ रे ॲम्ब्रोज. वाळली. उभी चीर गेली."

"हवा बदलली असेल, मावशी."

"मीठ तर ओलंच आहे," मावशी म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "माझा पोरगा कुठं गेला रे?"

 त्या आठवड्यात ॲम्ब्रोजनं एका मोटारीचं दार उलट्या बाजूनं ठोकलं. क्लारानं विचारलं, "तुला झालंय काय? अंधेरीची मुलगीबिलगी आवडली का?" त्यावरही तो हसला नाही.

शनिवार उजाडला. संध्याकाळी रीटाचं उंबराचं पाणी आणि त्याच दिवशी मास्तरांना उत्तर द्यायचं. सकाळीच अंधेरीच्या बँडचा ढोलवाला बाळा दारात उभा. मालवणकडचा माणूस, अंगानं रेड्यासारखा, पण ओठ पांढरेफटक पडलेले.

"ॲम्ब्रोजभाऊ, तुमचो जोडीदार आमच्याकडेच रवलो हा," तो म्हणाला. "तेका घेवन जावा."

"कोण जोडीदार?"

"माका काय ठावक? दिसणा नाय. वखारीत आमी तालीम करतंव, तर ओळीत एक जागा कोण घेणाच नाय. घेतली तर खोकलो येता. आणि गाणा थांबला काय हो एकटोच वाजयता. मास्तर म्हणतत, पत्र्यातलो वारो. वारो सुरात वाजयता काय?" बाळानं घाम पुसला. "आणि शेवटचो सूर खाली वढता. माका झोप नाय, भाऊ."

ॲम्ब्रोज तसाच ओट्यावर बसला. त्याला सगळं लख्ख समजलं. ढोलवाल्याला बांधावर विसरून आले होते तसा तो जॉनीला अंधेरीत विसरून आला होता. सोबत नेला आणि निघताना हाक मारली नाही. आणि बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं.

कोट चढवून, क्लॅरिनेट काखेत मारून तो बाळाबरोबर निघाला.

अंधेरीची ती वखार लाकडाची. भर दुपारी आत अंधार आणि भुश्शाचा वास. बँडवाले दाराशी घोळका करून उभे होते, आत एकटे मास्तर. ॲम्ब्रोजला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला, पण ऐट सोडली नाही.

"या! काय ठरलं? निळा कोट शिवायला टाकू ना?"

"नको, मास्तर. आम्ही दोघं आहोत आणि आमचा बँड ठरलेला आहे."

"अहो, दोघांनाही घेतो म्हटलं ना मी!"

"त्याची बहीण आज नवरी आहे. त्याला घरी जायचंय."

 ॲम्ब्रोजनं क्लॅरिनेट जोडली. सवाल वाजवला. ओंडक्यांच्या मागून, अंधारातून, जबाब आला. किंचित उशिरा, शेवटचा सूर खाली. दाराशी कुणाच्या तरी हातातली झांज पडली आणि बराच वेळ फिरत राहिली.

 ॲम्ब्रोज गिल्बर्टबाबांसारखा छाती काढून उभा राहिला आणि त्यानं हाक मारली, "जॉनी? चल रे. निघायचंय."

मग तो डावी बाजू मोकळी ठेवून वखारीतून बाहेर पडला. दारातल्या घोळक्यानं वाट दिली. एका माणसाला पुरेल एवढी नव्हे, दोघांना.

स्टेशनात तिकिटाच्या खिडकीशी तो अडला. एक तिकीट काढावं तर जॉनी विनातिकीट. दोन काढावीत तर तिकीट तपासनीस विचारणार, दुसरा कुठाय. पाठीमागची माणसं खेकसायला लागली तसा तो रांगेतून निघाला आणि सरळ चालत सुटला.

विलेपार्ल्याच्या लोकांनी त्या दुपारी जे बघितलं, ते अजून सांगतात. कोटातला एक माणूस भर उन्हात क्लॅरिनेट वाजवत चालला होता. थोडं वाजवायचा, थांबायचा, कान द्यायचा आणि पुन्हा वाजवायचा. गटार आलं की उजवीकडे सरकून डावीकडच्या हवेला म्हणायचा, "सांभाळ." बिस्किटांच्या कारखान्याजवळ गोड वास सुटला होता, तिथं तो जरा रेंगाळला, जॉनीला तो वास फार आवडायचा. पार्ल्याच्या एका गृहस्थांनी बायकोला गॅलरीत बोलावून सांगितलं, "बघ, भर दुपारी ताडी." बायको म्हणाली, "ताडी असेल हो. पण दुसरा कोण वाजवतोय?"

तो वाकोल्याला पोचला तेव्हा कळशा निघाल्या होत्या. बायका गाणी म्हणत विहिरीकडे चाललेल्या, पुढे गिल्बर्टबाबांचा ढोल क्लॅरिनेटशिवायच रेटत होता. ॲम्ब्रोज धापा टाकत आपल्या जागी शिरला. शेजारी जागा मोकळीच होती.

"दाढ बरी झाली?" गिल्बर्टबाबांनी ढोल न थांबवता विचारलं.

"झाली, बाबा. कायमची."

विहिरीवर पहिली कळशी खाली गेली. ॲम्ब्रोजनं सवाल वाजवला आणि थांबला. बायकांची गाणी थांबली. दोर धरलेली रीटा थांबली. जबाब खालून, पाण्यावरून आला. शेवटचा सूर इतका खाली ओढलेला की कळशीनं तो भरून घेतल्यासारखं वाटलं. डोरोथीमावशीनं पदर तोंडाला लावला. कुणी किंचाळलं नाही, कुणी पळालं नाही. रीटानं डोळे पुसले आणि दोर ओढायला लागली.

परत निघताना गिल्बर्टबाबांनी हाका सुरू केल्या. विहीर काही परगाव नव्हे, पण त्या दिवशी त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक.

"ॲम्ब्रोज?"

"आलो, बाबा."

"जॉनी?"

बेडूक गप्प झाले. श्वासभर शांतता झाली. ॲम्ब्रोज समोर बघत उभा राहिला, मान वळवायची त्याची हिंमत नव्हती. बाकी कुणाला काही ऐकू आलं नाही. गिल्बर्टबाबांनी मात्र आपला चांगला कान चोळला, ॲम्ब्रोजच्या डावीकडे डोळे वटारले आणि म्हणाले,

"ओरडतोस काय रे एवढा? बहिरा आहे का मी? चला."