आईची मान आणि दुसरा गिअर

वेग वाढवणं कोणालाही जमतं, माणसाचं शहाणपण वेग कमी करण्यात दिसतं. हे वाक्य माझ्या बाबांचं. ते हे अतिशय गंभीरपणे म्हणतात, बहुधा उड्डाणपुलाच्या उतारावर, आणि त्या वेळी गाडी न्यूट्रलमध्ये असते.

उतार आला की न्यूट्रल मारायचं, म्हणजे पेट्रोल वाचतं, हा आमच्या घरातला जुना धर्म. नागपुरात तो खपूनही जातो. जिथे एवढ्याशा उंचवट्याला सेमिनरी हिल्स म्हणतात, तिथल्या लोकांच्या डोंगराकडून किती अपेक्षा असणार? पण यंदा बाबांनी आईला चिखलदऱ्याला न्यायचं ठरवलं, आणि चिखलदऱ्याला खरा घाट आहे.

आईला तिकडे जायचं होतंच. दोनदा बेत ठरून मोडला होता, त्यातला एक तिच्या मानेच्या दुखण्यापायी. आता डॉक्टरांनी परवानगी दिली होती: गळ्यात पट्टा हवा, गचके नकोत. तयारी सुरू झाली आणि आईने शांतपणे जाहीर केलं की वर ती बाबांच्या गाडीने जाईल, उतरताना मात्र एसटी धरेल.

बाबांना हे लागलं. न्यूट्रल तिच्या मानेसाठीच असतं, असं त्यांनी ऐकवलं. त्यात तथ्य होतं. उतारावर त्यांनी तिसऱ्यातून दुसरा टाकला की सगळ्यांच्या माना एकदम होकार द्यायच्या.

"घाटात गाडी मोकळी सोडली अन् ब्रेक तापले, तं मानेचं काय घेऊन बसता?" आई म्हणाली. "मी आख्खीच खाली जाईन."

मी भाड्याच्या गाडीचा पर्याय सुचवला. स्वतःच्या बायकोला फिरवायला दुसऱ्याचा ड्रायव्हर कशाला, म्हणत बाबांनी तो तिथेच संपवला. उरला एकच मार्ग: बाबांनी खालच्या गिअरमध्ये उतरायला शिकायचं, आणि तेही झटका न देता. मी रोज मिहानमधल्या ऑफिसला गाडी नेते, म्हणून शिकवणं माझ्याकडे आलं. वडिलांना शिकवण्यातली पहिली अडचण ही की ते विद्यार्थ्याच्या जागी बसतात, पण शिक्षकाची खुर्ची सोडत नाहीत.

रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना आम्ही उड्डाणपुलावर गेलो. आई पट्टा लावून पुढच्या सीटवर. झटका मोजायला तिच्याइतकं खात्रीचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मी मागून सांगत होते. क्लच दाबा, दुसरा टाका, आणि क्लच सोडायच्या आधी ॲक्सिलरेटरला हलकेच एक टोच द्या. खालच्या गिअरमध्ये इंजिनाला जास्त जोरात फिरावं लागतं. तो वेग आधीच दिला, की झटका बसत नाही.

बाबांनी हे व्याख्यानाच्या अध्यक्षासारखं ऐकून घेतलं. मग शंका काढली.

"थांबाचं आहे, अन् तू मले रेस द्यायले सांगून राहिली?"

शंका रास्त होती. मी इंजिनाचे फेरे, चाकांचे फेरे असं बरंच समजावलं. पूल संपला. वळून पुन्हा चढलो. त्यांनी टोच दिली ती अशी, की शेजारचा स्कूटरवाला शर्यत समजून पुढे पळाला. पुढच्या वेळी टोच विसरले आणि आईने मान धरली. पुलाखाली बाबांनी गाडी बाजूला घेतली.

"जाऊ दे वं," ते म्हणाले. "तू एसटीनंच ये."

असं काही सोडून देताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी घरी जाऊ म्हणणार होते.

आई पट्टा सारखा करत म्हणाली, "उमरेडले असताना चालती बस धरली का नाही तुम्ही? उभ्या माणसानं दांडी धरली तं हात उखडते. दोन पावलं संगं धावाच लागते. इंजिनाले तेच करू द्या ना."

बाबांनी गाडी पुन्हा पुलावर घेतली. उतारावर क्लच, दुसरा, हलकी टोच. इंजिनाचा आवाज जरा चढला आणि गाडी आपणहून सावकाश झाली. आईची मान जागच्या जागी होती. तिने फक्त, "अजून एक डाव," म्हटलं.

त्यानंतरचे सगळे रविवार पुलावर गेले.

चिखलदऱ्याहून उतरताना आई पुढेच बसली होती. एसटीचा विषय तिने काढला नाही. पहिल्या वळणांवर बाबा प्रत्येक गिअर तोंडाने जाहीर करत होते. पुढे बोलणं थांबलं, आणि हात-पाय आपापलं काम करू लागले. मी मागून तिचा पट्टा बघत होते. तो हलला नाही. एका वळणावर तिने खिडकीची काच खाली केली आणि दरी बघत बसली.

खाली परतवाड्यात चहासाठी थांबलो. आई म्हणाली, "पुढच्या साली पचमढी." बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाडी गिअरमध्येच असताना क्लच सोडला. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. आईच्या मानेला काही झालं नाही. ती आधीच उतरली होती.